घटाच्या पोळ्या कुणी केल्या

आमच्याकडे घट उठतात त्या दिवशी नैवेद्याला भोपळ्याच्या पुरणाची पोळी लागते. डाळीची चालत नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. विहिरीच्या कडेला कायम भोपळ्याचा वेल असायचा म्हणून असेल. पुणतांब्याजवळ आमचं शेत आहे, घरही शेतातच. मी श्रीरामपूरला शाळेत शिकवतो आणि सणाला पाहुण्यासारखा जातो. शेत, गुरं आणि आई, सगळं थोरल्या भावाने आणि वहिनीने सांभाळलं. भाऊ गेल्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर गेला. तेव्हा घट बसलेच नाहीत. यंदा त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि मग घट बसले.

ही पोळी अवघड असते. भोपळा पाणी सोडतो, गूळ त्यात आणखी भर घालतो. वहिनी कीस आधी तुपावर पार कोरडा होईपर्यंत परतायची आणि गूळ त्यानंतर. तिची पोळी तव्यावर टम्म फुगायची, पण फुटायची नाही. लग्न होऊन आल्यापासून नैवेद्य तिचाच. आई येईल त्याला सांगायची, "माझ्या थोरलीची पोळी देवीबी वळखती."

त्याच आईचा यंदा फोन आला. "घट उठायच्या दिशी बायकूला घेऊन ये. निवद तिनं करायचा. थोरलीचा हात आता चालायचा न्हाई."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःची समजूत घातली, की आई जुन्या वळणाची आहे, थकली आहे, सणासुदीला तिचं मन कशाला मोडा. वहिनीचंही मन मोडणार होतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आलं असेल तर मी ते तिथे थांबू दिलं नाही.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा वहिनीने माळ्यावरून भोपळा काढून अंगणात गोणपाटावर ठेवला होता. कणीक भिजवून झाकलेली होती. म्हणजे तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आईने मला बाजूला घेतलं. "तूच सांग. तू शिकल्याला हायस, तुला नीट बोलता येतं."

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाई कोयता लावत नाही. भोपळा म्हणजे थोरला लेक, असं मानतात. पहिला घाव पुरुषाने घालायचा, पुढचं चिरणं-किसणं बायकांनी. हा घाव भाऊ घालायचा. आता मीच उरलो होतो. कोयता हातात घेऊन मी उगाच भोपळा इकडून तिकडून फिरवत बसलो.

"घाला की भावजी," वहिनी हसून म्हणाली. "भोपळा हाय त्यो, पोरगी बघायला आल्यासारखं काय न्याहाळताय?"

मी घाव घातला. भोपळा उघडला आणि त्याच्याकडेच बघत मी म्हणालो, "वहिनी, यंदा तुम्ही आराम करा."

"आराम? मला काय ताप आलाय?"

"तसं नाही. यंदा नैवेद्याचं ही बघेल."

तिने अगदी हळू विचारलं, "ह्ये आत्यांचं म्हननं हाय, का तुमचं?"

आईचं, एवढंच म्हणालो असतो तरी पुरलं असतं. ते खरं होतं. आईचा राग वहिनी पचवू शकत होती, आयुष्यभर पचवलाच होता. पण आईचं नाव घेतलं तर पुढे "मग तुमी काय म्हनला?" असा प्रश्न आला असता. तो टाळायला मी म्हणालो, "सगळ्यांचंच."

वहिनीने परात माझ्या बायकोच्या हातात दिली आणि ती गोठ्यात निघून गेली.

बायकोने गूळ आधीच घातला. पुरण सैल झालं. पहिली पोळी लाटतानाच फाटली, दुसरी तव्यावर फुटून जळली. घरभर करपट वास सुटला. आई दारातून बघत होती. तिसरी फुटल्यावर ती म्हणाली, "हाक मार थोरलीला. मागल्या चुलीवर करू दे. देवीपुढं मातर तू ठिव."

मला वाटलं वहिनी येणार नाही. ती आली. हात धुतले, पुरण पुन्हा कढईत घालून आटवलं, आणि पोळ्या केल्या. डोक्यावरचा पदर सावरायलासुद्धा मध्ये थांबली नाही. ताट बायकोने उचललं. आरतीला वहिनी बाहेर आली नाही.

जेवायला चुलते होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "वा गं धाकटे! तुझा हात तर थोरलीवानी वळलाय की!"

माझी बायको प्रामाणिक आहे. ती म्हणाली, "अहो नाना, पोळ्या तर ताईंनी..."

"नानांना तूप वाढ," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तूप वाढलं. मागच्या दाराआड बांगड्या वाजत नव्हत्या, त्यामुळे वहिनी तिथे उभी आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ती उभी होती, हे पुढे कळलं. नंतर मी ताट घेऊन गेलो तर चुलीपाशी बसून भाकरी खात होती. म्हणाली, "न्या तिकडंच. सगळ्यांच्यात वाढा."

दुसऱ्या दिवशी ती देवळाली प्रवरेला माहेरी गेली. दिवाळी आली तरी परत येईना. गुरांचं करायला माणूस मिळेना, म्हणून आईने मला तिला आणायला पाठवलं.

तिने पाणी दिलं, चहा दिला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. येण्याचं काढल्यावर म्हणाली, "त्या घरात माझी चूल हाय का न्हाई, येवढंच मला कळू द्या. आत्यांच्या म्होरं एकदा म्हना, 'सगळ्यांचं म्हनलो ते खोटं हुतं. मला तसं वाटत न्हाई.' आत्यांचं मी बघून घीन. तुमी म्हना, आन् फोन करा. मी सांजच्या यष्टीनं येते."

"म्हणतो," मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. घरात दुसरं कुणीही नव्हतं. तिने मान वर न करता विचारलं, "काय म्हनली? येती का?"

मी चपला काढल्या. पायावर पाणी घेतलं. पुरेसा वेळ होता.

"हात दुखतोय म्हणते," मी म्हणालो.

"लई नाजूक झाली," आई म्हणाली. "दुखायचा थांबला की यील."