सावली न पडणारी पायरी

शालिकराम बत्तीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडलं आणि बायको सिंधुताईंना घेऊन ते मुलाच्या, अंकुरच्या, स्मृति नगरमधल्या नव्या घरी राहायला आले.

घर विजयकुमार नावाच्या डिझायनरनं सजवलं होतं. हॉलमध्ये एकही दिवा दिसत नव्हता. छताच्या कडेत एलईडीच्या पट्ट्या लपवल्या होत्या. उजेड आधी छतावर जाई आणि मग सगळीकडे सारखा पसरे. हॉलमधून जेवायच्या खोलीत उतरताना एक पायरी होती. वर-खाली फरशी एकच, पांढरी.

पहिल्याच संध्याकाळी शालिकराम तिथं थबकले. "अंकुर, इथं सावलीच पडून नाही राहिली. पायरी दिसत नाही. बाजूला एक सरळ दिवा लाव."

"बाबा, सगळं डिझाइन बिघडेल. दोन दिवसांत आदत होऊन जाईल."

अकराव्या दिवशी सिंधुताई चहाचे कप घेऊन चालल्या होत्या. त्यांचा पाय हवेत पडला. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर अंकुर म्हणाला, "आई, पाहून चालायचं ना."

सिंधुताईंनी चूक आपलीच असल्यासारखी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान पाहून शालिकरामांच्या कानशिलांत रक्त चढलं. त्यांनी विजयकुमारला फोन करून दुसऱ्या संध्याकाळी बोलावून घेतलं.

"अंकल, इनडायरेक्ट लाइट है. आँखों को आराम मिलता है," विजयकुमार सोफ्यावर बसत म्हणाला.

शालिकराम बाहेरच्यांशी हिंदीतच बोलत. त्या दिवशी मराठीच निघाली. "मले नको शिकवू. कंट्रोल रूममधल्या दिव्यांची तोंडं छताकडं मीच फिरवली होती. मीटरच्या काचेवर चमक नको होती. पण जिन्यावर सरळ दिवा ठेवला. माणूस उतरते, तिथं त्याले सावली लागते."

त्यांनी पाण्यानं भरलेल्या ग्लासांचा ट्रे त्याच्या हातात दिला. "चल. नजर ट्रेवर ठेव."

विजयकुमार हसत निघाला. पायरीपाशी त्याचा बूट चाचपडला, घसरला. शालिकरामांनी त्याचा दंड गच्च धरला. पाणी फरशीभर झालं.

"माझी बायको पडली, तेव्हा धरायले कोणी नव्हतं."

अंकुर दारात उभा राहून पाहत होता.

सकाळी शालिकरामांनी पायरीजवळची भिंत स्वतः फोडली. सून टीनानं मुकाट्यानं सोफ्यावर चादर टाकली. गुडघ्याच्या उंचीवर दिवा बसला आणि पायरीच्या कडेला सावलीची काळी रेघ स्पष्ट दिसू लागली.

"बाबा, छिन्नी द्या, मी करतो," अंकुर मध्येच म्हणाला होता.

"तू आईजवळ जा. तिले जे बोलला, ते वापस घे."

तो गेला. आईच्या खाटेवर बसून, तिचा चांगला हात धरून त्यानं माफी मागितली. सिंधुताईंनी लगेच दिली.

शालिकरामांना मात्र माफ करणं जमलं नाही. मनगट वाकडंच जुळलं. सिंधुताईंना आता भाकरी थापता येत नाही. टीना थापते, त्या शेजारी बसून सांगतात. कोणी पाहुणा घराच्या उजेडाचं कौतुक करू लागला, की शालिकराम उठून अंगणात जातात.