मोगऱ्याचा वास आणि तीन ठोके

परवा एक मुलगी वही घेऊन दारात आली. "आजी, आजोबांनी चोरटी रेती काढणं का सोडलं? पोलिसांच्या भीतीने, की दुसरं चांगलं काम मिळालं म्हणून?"

मी म्हटलं, अगं, त्या काळी विचारलं असतंस ना, तर मी छातीठोक सांगितलं असतं, कुणीतरी बाई आहे!

आमचे हे विक्रोळीच्या खाडीत डुबी मारायचे. बांबू धरून तळाशी जायचं, बादलीत रेती भरायची, वर यायचं. बंदी आली तरी चालूच. धाड पडली की होड्या कांदळवनात. घरी यायचे ते अंगाला चिखलाचा वास घेऊन. आणि एके दिवशी वास आला मोगऱ्याचा!

"रेतीत मोगरा कधीपासून उगवायला लागला?"

"हूं."

हल्ली सगळ्यालाच हूं. हाक मारली तर वळून बघत नव्हते. झालं, मन दुसरीकडे लागलंय! तेव्हाची ती शहाणी, म्हणजे मीच, सकाळी तोंडावर पदर ओढून मागे निघाली. खाडीची वाट सोडून हे हायवेलगतच्या नर्सरीत शिरले. मी कुंडीतल्या ताडाआड लपले. ताड माझ्या निम्माही नव्हता, पण स्वतःला मोठी गुप्तहेर समजत होते ना!

हे कुंड्यांत माती भरायला बसले, आणि तिथल्या एका बाईने यांच्या खांद्यावर हात ठेवला. सापडली!

"अहो!" मी ओरडले. परत ओरडले. वळली ती बाई, हे नाहीच.

"ताई, समोर येऊन बोला. त्यांना मागून ऐकू येत नाही. तुम्ही कोण?"

मी कोण! बायको म्हणून सांगायची लाज वाटली.

मग उलट्या कुंडीवर बसून हे बोलले. होडीतला जोडीदार बांबूवर तीन ठोके देतो, म्हणजे ताबडतोब वर ये. एके दिवशी त्याने तसे दिले. यांना एकही ऐकू आला नाही. मोठी बोट डोक्यावरून गेली, वीतभर अंतराने.

"मला का नाही सांगितलंत?"

"कान दुखतो म्हटलं, तेव्हा काय म्हणालीस?"

आठवत होतं. 'तेल घाला आणि जा. बाकीचे जातातच ना!'

"बोल, परत खाडीत जाऊ?"

मी त्यांच्या पाठीवर तीन ठोके दिले.

त्यानंतर खाडीत पाय नाही. पण मोगऱ्याची फुलं शर्टाच्या खिशात कशी जायची, हे विचारलं की अजूनही ऐकू येत नाही. समोर बसून विचारलं तरी!