आत्याने न पाहिलेला शेवट

आमच्या घरात गार जागा एकच होती आणि ती फुलांची होती. मातीच्या भिंतींची आतली खोली. तिथे ओल्या गोणपाटावर झेंडू पसरलेला असायचा. आम्ही माणसं पुढच्या पत्र्याखाली. पाऊस जास्त झाला की मळ्यातला झेंडू काळा पडायचा आणि मग भाकरीबरोबर नुसता ठेचा. अशाच एका काळ्या पडलेल्या हंगामात आत्या कळवणहून आली, सासर सोडून, हातात एक पिशवी. मी तेव्हा पहिलीत होते. वडिलांनी बहिणीला काही विचारलं नाही. आईने परातीत मूठभर पीठ वाढवलं, बस्स. पुढे कळलं की नवऱ्याने दुसरी बायको आणली होती आणि नाशकाकडून कोणी चौकशीला येणार नाही या भरवशावर गावात सांगून टाकलं होतं, की पहिली मेली.

आत्या आईबरोबर फूलबाजारात बसायला लागली. एका सकाळी कळवणकडचा एक म्हातारा आमच्या टोपल्यांपुढे थांबला आणि हाराकडे नेलेला त्याचा हात हवेतच राहिला.

"तुम्ही... तुम्ही तर गेल्या होत्या ना? तेरावं जेवलोय मी तुमचं!"

"गोड काय केलं हुतं?" आत्याने विचारलं.

"बु... बुंदी."

"मंग बरं. हार देऊ का?"

तो हार न घेताच गेला. आत्या दिवसभर हसत होती. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिने दाराशी थांबून आईला विचारलं, "वयनी, येऊ ना आत?" रोज येणाऱ्या घरात ती असं का विचारतेय, ते मला कळलं नाही.

मी आठवीत असताना तो पिक्चर आला. एका गाजलेल्या विनोदी पिक्चरचा दुसरा भाग. फालतू होता, हे मला तेव्हाही कळत होतं. विनोद शिळे, गाणी उगाच घुसडलेली, मध्यंतरानंतर गोष्टच हरवते. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पहिल्या भागात मेलेला जाडा काका, ज्याच्या फोटोला हार घातलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, तो दुसऱ्या भागात त्याच मिशांनिशी येतो आणि पंगतीत जेवायला बसतो. स्वप्न नाही, जुळा भाऊ नाही, काही नाही. लिहिणाराच विसरला असावा. थिएटरात लोक शिट्ट्या मारत होते, शिव्या घालत होते. आत्या पदर तोंडात कोंबून हसत होती.

"बघ, मेलेला माणूस जेवायला बसलाय, अन् कोणी इचारत नाय!"

"अगं आत्या, चूक आहे ती त्यांची."

"चूक कशाची? भूक लागली आसंल त्याला."

त्या दिवसापासून मलाही तो पिक्चर मनापासून आवडायला लागला. पुढे मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिली, आणि हे सांगायला मी कधी लाजत नाही. चांगले पिक्चर कोणते तेही मला आता कळतं. तरी सुट्टीच्या दुपारी आम्ही चौघं सीडी लावून तोच पाहायचो. मात्र शेवट आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. पिक्चर थिएटरात असताना आत्या पंगत संपली की उठायची, फुलं तोडायची वेळ झाली म्हणायची, आणि तिच्यामागे आम्ही. घरातही तेच. एकदा मी तिचा हात धरला. थोडंच राहिलंय, बस की.

"नको बाई," ती म्हणाली. आवाजात हसू नव्हतं. "शेवटाला कोणाच्या तरी ध्यानात येईल, हा तर मेलेला हे. मंग उठवतील त्याला ताटावरून..."

मी सीडी बंद केली.

गेल्या महिन्यात नाशकातल्या द्वारकेच्या ऑफिसात मला घरून फोन आला. आत्या हार ओवता ओवता गेली होती. मी पोचले तेव्हा तिला आतल्या गार खोलीत झेंडूशेजारी निजवलं होतं. त्या खोलीत माणूस निजलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्यात मानतात. मग घरचे एकेक करून शब्द देतात. समोर कावळे ओळीने बसलेले, एकही ओरडत नव्हता. वडील म्हणाले, "आक्का, मळा इकणार नाय." मामांनी माझं लग्न चांगल्या घरी करून देण्याचा शब्द दिला. मी पुढे शिकण्याचा दिला, जरा ताठ मानेनेच. कावळे आमच्याकडे बघत राहिले. एवढी शिकलेली मी, पण आणखी काय कबूल करावं ते शोधत होते. तेवढ्यात मागून आई हलकेच म्हणाली, "वन्सं, त्या पिक्चरचा शेवट बघू हं आपण."

एक कावळा उतरला.

सुतक फिटल्यावर दुपारी सीडी लावली. काका पंगतीकडे यायला लागला तसं आईने पडद्यावरची नजर न हलवता थोडं सरकून घेतलं. वडीलही सरकले. दोघांच्या मध्ये एक जागा झाली. बरेच दिवस घरात फूल आलेलं नव्हतं, तरी ओल्या झेंडूचा वास येत होता. काका बसला, त्याने भात कालवला, आणि आम्ही तिघं हसलो... ते हसणं नुसतं तिघांचं नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी वडिलांकडे. कोणी काही विचारलं नाही.

ती जागा आम्ही अजून ठेवतो, जेवतानाही.

पिक्चरमध्ये शेवटी सगळे जीपमध्ये बसून गावाला निघतात. काका मागच्या सीटवर असतो, मांडीवर डबा घेऊन. जीप वळणाआड जाते आणि नावं वर सरकू लागतात. आम्ही शेवटच्या नावापर्यंत बसून राहिलो.

आत्या, पिक्चर पुरा पाहिला. त्याला कोणी उठवलं नाही.