दिवसा झोपणारे

प्रश्नवाले सर बोलायला लागले की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून वर बघायची. सुरतेच्या कतारगाममधलं आमच्या आरोग्य संस्थेचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली यंत्रमागांची खडखड अखंड चालू, तरी सरांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आमची आरोग्यसेविका मीना म्हणायची, "सरांना बारडोलीला बोलायचं असेल तर फोन कशाला? खिडकी उघडा." यावर सर सगळ्यांत मोठ्याने हसायचे आणि मग त्यांची ठरलेली गोष्ट सांगायचे. वडील धुळ्याला कापडगिरणीत रातपाळी करायचे. दिवसा ते झोपलेले, म्हणून पोरांनी घरात कुजबुजत बोलायचं, भांडंसुद्धा आपटायचं नाही. "तेव्हाचं सगळं आता वसूल करतोय," हे त्यांचं शेवटचं वाक्य. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ते वाक्य आम्हीही त्यांच्याबरोबर म्हणायचो.

सर संगणकाचे निवृत्त प्राध्यापक. खानदेशातल्या एका जुन्या डॉक्टरांशेजारी महिनोन्‌महिने बसून त्यांनी विचारून घेतलं होतं की क्षयाची शंका कुणावर घ्यायची, कुणाला तपासायचं, हे तुम्ही कसं ठरवता. ते सगळं त्यांनी मोबाईलमध्ये घातलं. सेविकेने प्रश्न वाचायचा, उत्तर दाबायचं, की पुढचा प्रश्न येतो आणि शेवटी सल्ला. "डॉक्टरांचं डोकं आता मीनाच्या पिशवीत मावतं," असं ते अभिमानाने सांगायचे. वस्तीतल्या लोकांनी त्यांना प्रश्नवाले सर हे नाव दिलं ते यावरूनच. आणि त्यांचा आवडता शब्द होता "कुठेही". एकदा नीट बांधलं की कुठेही न्या.

गावांसाठी केलेलं ते काम सुरतेला आणताना मी त्यांच्यासोबत बसले. मी यादीवाली बाई. विहिरीच्या जागी नळ, शेतमजुराच्या जागी मागावरचा कारागीर, घराच्या जागी खोली, असा एकेक शब्द बदलून पुढे खूण करत गेले. सर चिडवायचे, "ताई, या याद्यांची यादी कुठे ठेवलीय?" एका प्रश्नापाशी मात्र ते कौतुकाने थांबले. 'रात्री या खोलीत कोण कोण झोपतं?' खोकल्याच्या माणसाजवळ तासन्‌तास कोण असतं, ते यातून कळायचं. "याला हात लावायचा नाही. हा जगात कुठेही चालेल," सर म्हणाले. मी खूण केली.

काही महिन्यांनी सुखदेव नावाचा कारागीर खोकत ऑफिसचा जिना चढून आला. मधल्या पायरीवर त्याला बसावं लागलं होतं. मीनाने त्याच्या खोलीची माहिती काढली, तर मोबाईलवर आलं की खोली तपासून झाली आहे, पुन्हा भेटीची गरज नाही. तिथे आधी एक रुग्ण सापडला होता आणि त्याच्यासोबतचे सगळे तपासलेही होते. मीनाने त्याला जरा दटावूनच विचारलं, मग तू तेव्हा कुठे होतास?

"मी दिवसले झोपस," सुखदेव म्हणाला. "माले कोणी इचारंच नही."

दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले येऊन त्याच गाद्यांवर आडवे होतात. सुरतेत हे कुणाला सांगावं लागत नाही. वस्तीत रोज फिरणाऱ्या मला तर नाहीच. तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की खोलीतल्यांनी माहिती लपवली. मी तसं बोललेही. सर उठले. "चला," म्हणाले.

आम्ही भर दुपारी त्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. डोळ्यांवर गमछे टाकून माणसं ओळीने झोपली होती. सरांनी चपला काढल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला आणि तसेच थिजले. मग हळूच पाय मागे घेतला. उठवून विचारूया, असं मी म्हणाले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. संध्याकाळी ती माणसं जागी होईपर्यंत आम्ही जिन्यात बसून राहिलो. तपासणीत सुखदेवखेरीज त्यांच्यातले आणखी दोघे क्षयाचे रुग्ण निघाले.

पुढच्या बैठकीत, लोकच नीट उत्तरं देत नाहीत, असा सूर निघाला. मी तिथे तोंड उघडलं नव्हतं, पण तो सूर माझाच होता. सर इतक्या खालच्या आवाजात बोलले की लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"आपण रात्रीचं विचारलं, त्यांनी रात्रीचं सांगितलं. डॉक्टरांच्या गावात सगळे रात्री झोपतात. ते त्यांनी मला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी ते धरून चाललो." मग म्हणाले, "आणि माझा बाप दिवसा झोपायचा."

मी समोरच्या यादीत त्या प्रश्नापुढची माझी खूण बघत बसले.

त्यानंतर सरांचा आवाज वर चढला नाही. ती गोष्टही त्यांनी पुन्हा सांगितली नाही, आणि मीनाने खिडकीचा विनोद बंद केला. सुखदेव बरा झाला, पण मागावर उभं राहण्याची ताकद उरली नाही म्हणून गावी परतला. त्याला गाडीत बसवायला सर गेले होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

बारडोलीच्या ऊसतोड्यांच्या तळावर नेण्यासाठी एका संस्थेने मोबाईलमधला तोच कार्यक्रम मागितला. "कुठेही चालतो म्हणाला होतात ना?" त्यांचा माणूस हसत म्हणाला. सरांनी दिला नाही. आधी स्वतः तळावर जाऊन राहिले. परतल्यावर त्यांनी पहिल्या प्रश्नाच्याही आधी एक पान घातलं. 'हा कार्यक्रम धरून चालतो की माणसं रात्री झोपतात, एका छपराखाली झोपतात आणि उद्याही तिथेच सापडतात. तुमच्याकडे तसं नसेल, तर पुढे जाऊ नका.' मला वाचायला दिलं आणि विचारलं, "ताई, यात काय राहिलं?" खूण करायला माझा हात उचलेना.

सर गेल्या वर्षी धुळ्याला वारले. मी अजून वस्तीत जाते, दुपारचीही जाते. चपला बाहेर काढते आणि जो जागा असेल त्याच्याशी हळू आवाजात बोलते. आमच्या कुजबुजीने आतल्या कुणी कूस बदलली की सरांच्या वडिलांच्या गोष्टीवर आम्ही हसायचो ते मला आठवतं, आणि मान आपोआप खाली जाते.