सायलेन्सरच्या नळीतला प्लग

जपानी गाडीला आम्ही अँबेसिडरचा कार्बोरेटर बसवला होता, हे ऐकून आजचे मेकॅनिक हसतात. इंजिन बदलायचं तर त्याचा काँप्युटर आणि सेन्सर जुळतात का ते आधी बघायचं, हे आता सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत आहे. तरी त्या कार्बोरेटरची मला आजवर एकदाही लाज वाटलेली नाही. लाज वाटते ती त्याच्या आधीच्या एका दुपारची. तिला कुणी हसत नाही, कारण ती त्यांच्यातल्या कुणाला ठाऊकच नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे चाचांचं. चाचा साठीला आलेले, घरात दोन पिढ्यांची मिस्त्रीकी. मी तिशीचा, आयटीआय केलेला, चार वर्षांपासून त्यांचा भागीदार. मला इंग्रजी वाचता यायचं म्हणून ते मला ‘इंजिनेर’ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्या दिवसाच्या कामावर ठरायचं.

कोल्हापूरजवळच्या कोडोलीचा एक माणूस आखातात बरीच वर्षं नोकरी करून परतला आणि येताना बोटीने स्वतःची गाडी घेऊन आला. गावात तशी गाडी कुणी पाहिली नव्हती. तिला हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर नव्हता. पुढच्या सीटखाली एक पत्र्याचा डबा होता, तो इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवायचा. हा माणूस कोकणातल्या सासुरवाडीहून परतताना गगनबावड्याचा घाट चढत होता, पाण्याचा पाइप फुटला, याचं तापमानाच्या काट्याकडे लक्ष नव्हतं, आणि इंजिन जाम झालं. मुंबईच्या भंगार बाजारातून त्याच कंपनीचं दुसरं इंजिन आलं. डबा मात्र जुनाच ठेवायचा होता. इंजिन बसवायला चाचांना पाच दिवस लागले. ते सुरूही झालं. पण काळा धूर टाकायचं आणि पेट्रोल ढोसायचं.

चाचांची एक सवय होती. सायलेन्सरच्या तोंडासमोर तळवा धरायचे, मग तो तळवा नाकाशी न्यायचे आणि पेट्रोल जास्त होतंय की कमी ते सांगायचे. त्या दिवशी वास घेऊन म्हणाले, लई पितंय, का पितंय ते बघ तुझ्या पुस्तकात. आणि ते जुम्म्याच्या नमाजाला गेले.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते वाचायचं काम माझं होतं. मी दहा पानं वाचून कंटाळलो होतो. चाचा गेल्यावर पुस्तक उघडण्याऐवजी मी बोनेट उघडलं. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीत मला एक प्लग दिसला. तोच आकार, तसेच आटे, वर एक वायर. धुराच्या नळीत ठिणगी पाडणारा प्लग कशाला, हा प्रश्न पडायला हवा होता. मला पडला नाही. तो काढला, तर टोक काजळीने भरलेलं. आम्ही प्लगचं जे करायचो तेच मी त्याचं केलं. पॉलिश पेपरने घासला, इंजिनाला टेकवून ठेवला आणि ठिणगी पडते का बघायला प्लगला करंट देणाऱ्या कॉइलची जाड वायर त्याला लावून स्टार्टर मारला. त्याची स्वतःची वायर डब्याला जोडलेलीच होती. ठिणगी पडली नाही. सीटखाली टक् असा बारीक आवाज झाला, तेवढाच. त्यानंतर गाडी सुरू झाली नाही.

मग मी पुस्तक उघडलं. त्या वस्तूचं चित्र बेचाळिसाव्या पानावर होतं. ती प्लग नव्हती. धुरात प्राणवायू किती उरला आहे ते हुंगून डब्याला कळवणारी वस्तू होती. म्हणजे जे काम चाचा तळव्याने करायचे तेच. खाली ठळक लिहिलं होतं की तिला बाहेरून करंट देऊ नये, डबा जळतो. मी पुस्तक मिटलं, ती वस्तू पुन्हा नळीत घट्ट बसवली आणि चाचा आल्यावर म्हणालो की गाडी आपोआप बंद पडली.

चाचांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांना वाटलं, नव्या इंजिनाचं आणि जुन्या डब्याचं जुळलं नाही. गाडीच्या मालकाने मुंबईहून एक इंजिनिअर आणवला. त्याने डबा तपासला आणि चारचौघांत सांगितलं की डबा जळलाय, डब्याशिवाय हे इंजिन चालणार नाही, आणि अशा गाडीला गावच्या मिस्त्रीने हातच लावायला नको होता. मालक खवळला. गाडी ट्रकवर घालून मुंबईला नेतो आणि जिल्ह्यातल्या एकूण एक पंपावर तुमचं नाव सांगत जातो, म्हणाला. चाचांकडे नाव सोडून दुसरं होतंच काय?

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाना पुसत राहिलो.

चाचांनी मुंबईच्या पाहुण्याला आधी चहा पाजला. मग म्हणाले, “पावणं, डबा जळला तर माझ्या गॅरेजात जळला, ते मला कबूल हाय. पण डबा नसला तर इंजिन चालत न्हाय म्हणता. तुम्ही कधी चालवून बघितलंय व्हय?”

पाहुणा हसला. चाचा मालकाकडे वळले. “पंधरा दिस द्या. ज्या घाटात मेली त्याच घाटातनं वर आणतो. मधी थांबली तर मी पाना खाली ठेवला म्हणून समजा.”

ते पंधरा दिवस मी मरमर राबलो. पापाची भरपाई म्हणून राबलो, असं म्हटलं तरी चालेल. डब्याच्या जागी अँबेसिडरचा कार्बोरेटर बसवायचा ठरला; तो इंजिनावर बसायला जाड पट्टी हवी होती. तिचा लाकडी साचा चाचांनी स्वतः तासला आणि शेजारच्या फौंड्रीत अॅल्युमिनियममध्ये ओतून घेतली. ठिणगीची वेळही डबाच ठरवायचा, म्हणून दुसऱ्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर आणून त्याची दांडी लेथवर बारीक केली. गाडीचा पंप इतक्या जोरात पेट्रोल ढकलायचा की कार्बोरेटर ओसंडायचा, म्हणून त्यातलं बरंचसं पेट्रोल टाकीकडे परत पाठवणारी नळी बसवली. माझा तो ‘प्लग’ कशासाठी असतो तेवढं मी पुस्तकातून वाचून दाखवलं; चाचांनी तो काढून त्या भोकात बोल्ट पिळला. “हुंगायला मी हाय की,” म्हणाले. पेट्रोल किती यावं ते ठरवणारे जेट बदलत गेलो, तेव्हा सोळाव्या मापाला त्यांच्या तळव्याला वास पटला. खरा प्लग काढून पाहिला, तर टोक विटकरी, जसं हवं तसं.

घाटात स्टिअरिंगवर मालक होता. चाचा पुढे, मी मागे. सगळी चढण चाचांचा हात डॅशबोर्डवर होता, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. एका वळणावर समोरून ट्रक आला, गाडी जवळपास थांबली, मालकाने पहिला गिअर टाकला आणि ती पुन्हा ओढायला लागली. वर गगनबावड्यात धुकं होतं. आम्ही चहा घेतला. मालक खूश होता. गाडी बरी आहे म्हणाला, आणि हसत पुढे म्हणाला, “पण चाचा, डबा तुम्हीच घालवला बरं का.”

“घालवला की,” चाचाही हसले.

मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. पॉलिश पेपर, कॉइलची वायर, बेचाळिसावं पान.

चाचांनी ग्लास खाली ठेवला. “घाटाखाली सांगितलं असतंस तर ऐकलं असतं. वर आल्यावर सांगतोस.”

मालक काहीतरी म्हणणार होता. चाचांनी त्याला थांबवलं. “डबा मी घालवला. ह्याच्या पुढं कुणी इचारलं तर हेच सांगायचं. तू बी.”

ही माफी नव्हती, हे मला कळलं. माझी कबुली त्यांनी नाकारली होती. त्यानंतर चाचा आठ वर्षं जगले, आमची भागीदारी टिकली, पण त्यांनी मला ‘इंजिनेर’ म्हणणं सोडलं. ती गाडी कोडोलीच्या रस्त्यावर कितीतरी वर्षं धावली, आणि लोक कौतुकाने सांगायचे की मिस्त्रीने आधी डबा जाळला आणि मग डब्याशिवाय चालवून दाखवली. त्यातलं पहिलं खोटं होतं. चाचा ते ऐकून नुसते मान डोलवायचे.

पुढे मी वाचलं की आपल्याकडच्या तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याने धूर हुंगणारा तो सेन्सर तसाही काही महिन्यांत निकामी झाला असता. ही सबब मला नको. सेन्सर पेट्रोलने मेला असता, डबा मी मारला.

चाचांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांचा दुसरा कुठलाही शब्द मी मोडला नाही. हा मोडतो आहे. त्यांना आवडलं नसतं, आणि मी पुन्हा वर आल्यावरच सांगतो आहे, हेही खरं. तरी कोडोलीत ती गाडी आठवणारं कुणी असेल तर त्याने नीट ऐकावं. डबा मी जाळला. गाडी चाचांनी चालवली.