देवा, आता सामवेद ऐक

भटांकडचे किस्से म्हणजे पितृपक्षातली खीर, संपवू म्हटलं तरी उरतेच! त्या काळी नंदुरबारात आमचं त्रिकूट होतं. बापूभट ऋग्वेदी, म्हणजे देवाची स्तुती त्यांच्याकडे. मी यजुर्वेदी. होमहवन, सगळी कृती माझी, म्हणून ठिणग्यांची भोकंही माझ्याच धोतराला! आणि दादाभट सामवेदी. त्यांनी गायचं. ते गाणं येणारे आमच्या भागात तेवढेच एक उरले होते.

*

चौथा, अथर्ववेदी, नव्हताच. एकदा कोरीटहून एकजण धापा टाकत आला. बायकोला ताप चढलेला. "तापवर मंतर शे का तुमनाकडे?"

बापू म्हणाले, "आहे, पण अथर्ववेदात. तो आम्हाला येत नाही." बिचारा परत गेला. बापूंनी कपाळावर हात मारला, "चारांतला तेवढाच घरच्या अडीअडचणीचा, अन् नेमका तोच नाही!"

*

मोठ्या पूजेच्या शेवटी बापू डोळे मिटून एकेका वेदाचं नाव घेत, "देवा, आता हा ऐक!" मग ज्याचा त्यानं म्हणायचा. अथर्ववेदाला श्वासभर थांबून पुढं जायचं.

दादा म्हणत, "देव तेवढ्यात खोकून घेतो!"

*

रनाळ्याच्या पाटलाला दादांचं गाणं म्हणजे शिक्षा. दादा सूर धरायला अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत एकेक अक्षर ओढायचे. पाटील माझ्या कानाशी, "भटजी, हाई आते कितलं ऱ्हायनं?"

*

दादांचा एकुलता शिष्य विष्णू नवापूरला रेल्वेत चिकटला. मी भडकलो, "दादांनंतर कोण गाणार रे?"

"गाऊन पोट भरत नाही, काका."

दादांनी एवढंच विचारलं, "इंजिनाची शिट्टी तरी सुरात लागते का रे?" आम्ही हसलो. घरी मला जेवण गेलं नाही.

*

पुढं दादांच्या घशाला गाठ आली. आवाज गेला तो गेलाच. तरी रनाळ्याच्या पूजेला आले, नेहमीच्या जागी बसले.

बापूंनी ऋग्वेद म्हटला, मी यजुर्वेद. मग डोळे मिटूनच बापू म्हणाले, "देवा, आता सामवेद ऐक!"

दादांचे ओठ हलू लागले. अंगठा पेरांवर फिरू लागला. आवाज नाही. मला रडू आवरेना.

बापू श्वासभर थांबले आणि अथर्ववेदाला गेले. दादांचा अंगठा अजून पेरांवर फिरतच होता.

पूजा संपली. पाटील खुशीत आला, वाकून दादांच्या पाया पडला.

"भटजी, आज झकास व्हयनं! कशी लवकर आटपनी पूजा!"