पुंडलिकपासून वेगळी चूल

पुंडलिक देसाई गेल्याची बातमी मला कळली ती आमच्या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका आम्ही जिथे नोंदवतो, त्या पानावर. एका तरुण सहकाऱ्याने लिहिलं होतं, 'पुंडलिक सर काल गावी, गुंदला, हृदयविकाराने गेले.' आणि त्याखाली, प्रत्येक नोंदीखाली आपोआप उमटतं तसंच उमटलं होतं, 'तपासणार : पुंडलिक.'

तो एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, मी दुसऱ्याच्या. ओळख झाली ती एका संकटामुळे. आमच्या पुस्तकांची यादी सांभाळणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि दोन्हीकडची यादी तिच्याच कुलपात अडकली. पुस्तकं समोर कपाटात, पण कुठलं कुठे ते सांगता येईना. तेव्हा पुंडलिक चिडून म्हणाला, "अक्का, आता दुसऱ्याच्या कुलपात काय ठेवायचं न्हाई. आपलं आपण करू, आणि उघडं ठेवू." अशी चार विद्यापीठांची ग्रंथालयं एकत्र आली आणि यादीचं सॉफ्टवेअर आम्हीच लिहू लागलो. जे लिहू ते सगळ्यांना दिसेल, कुणीही फुकट न्यावं, बदलावं. फक्त मूळ प्रतीत बदल जाण्याआधी तो दुसऱ्या कुणीतरी तपासावा. हा दुसरा बहुतेक वेळा पुंडलिकच असे, निवृत्त होऊन गुंदला परतल्यावरही. घरात रेंज मिळत नाही म्हणून परड्यातल्या फणसाखाली त्याने बाक टाकला होता. भाताची कामं उरकली की तिथे बसून तो आमच्या दुरुस्त्या तपासायचा आणि बहुतेक परतच पाठवायचा!

माणूस लाघवी, पण हेकट. माझी एक दुरुस्ती त्याने इतक्या वेळा फिरवली की मी फोनवर भडकले. तो शांतपणे म्हणाला, "पटत न्हाई तर वेगळी चूल मांड की. सगळं उचलून न्यायची मुभा हाय, म्हणून तर ह्यो खटाटोप केला." मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती नीट करून पाठवली, कारण त्याचंच बरोबर होतं.

पण कुलपांवर इतक्या चिडणाऱ्या या माणसाने मूळ प्रतीची किल्ली, म्हणजे बदल आत घालण्याचा अधिकार, एकट्याकडेच ठेवला. मागितली की म्हणायचा, "देतो की, घाई काय हाय?" तो गेला आणि सगळं अडलं. मुलांनी परत केलेली पुस्तकं त्यांच्याच नावावर दिसू लागली. चूक आम्हाला सापडली होती, पण दुरुस्ती आत घालता येईना. वरून विद्यापीठातल्या साहेबांचं टुमणं सुरू झालं, "एक माणूस गेला की बंद पडतं, याला काय अर्थ आहे? कंपनीचं घेऊन टाका." इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाणार होती. मला रडू यायच्या आधी पुंडलिकचा राग आला.

मी गुंदला गेले. सुतकातल्या घरात किल्लीचं विचारायला जीभ रेटेना. शेवटी विचारलंच. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "मला न्हाई ठावं. म्हायती असतं तर दिलं नसतं व्हय?" मग चाचरत मी सांगितलं, आता त्याचं सगळं उचलून दुसऱ्या नावाने वेगळी चूल मांडावी लागेल... त्याला काय वाटेल?

त्या म्हणाल्या, "आमी थोरल्या दिरापास्नं वेगळं झालो, तवा ह्येंनीच त्यांच्या चुलीतला विस्तव आणला हुता. दीर काय रुसलं न्हाईत. घेऊन जावा, अक्का."

फणसाखालच्या त्या बाकावर बसूनच मी प्रत उतरवून घेतली. आता प्रत्येक ग्रंथालयाकडे एक किल्ली आहे. पुस्तकं मुलांच्या नावावरून उतरली, साहेब तूर्त गप्प आहेत. किती दिवस, सांगता येत नाही.

जुनं पान अजून उघडतं. तिथे आता कुणी जात नाही, मी जाते. माझी शेवटची दुरुस्ती तिथे तशीच पडून आहे, खाली त्याचं नाव आहे. ती मागे घेणं माझ्याच हातात आहे, पण घेववत नाही. नव्या जागी तीच दुरुस्ती पहिल्या झटक्यात मंजूर झाली. कुणीच ती परत पाठवली नाही, याचीच मला भीती वाटते.